दर नंतर विचार, आधी भिंत मोज

चि. भाचीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेलं फर्निचरचं कोटेशन दोनदा वाचलं. पुण्यातल्या धायरीच्या तुझ्या वन बीएचकेला ४ लाख ६० हजार, आणि तुझ्या हातात घराच्या कर्जाचा हप्ता सुरू झाल्यावर उरलेत २ लाख. त्या कंत्राटदाराला लुटारू म्हणू नकोस, दर बाजाराला धरूनच आहेत. फक्त यादी त्याने केलीय, तू केलेली नाहीस. टीव्ही युनिट, त्यामागे पट्ट्यापट्ट्यांचं पॅनेल, सोफा, सेंटर टेबल, शू रॅक, हायड्रॉलिक बेड, वॉर्डरोब, ड्रेसिंग, लॉफ्ट, अख्खं किचन मॉड्युलर. एवढं सामान एकट्या माणसाला पहिल्या वर्षी कशाला लागतं?

माझं म्हणणं थोडक्यात असं. सुताराकडून करून घ्यायचं ते दोनच प्रकारचं: एक, जे भिंतीत किंवा कोपऱ्यात मापानेच बसायला हवं; आणि दोन, जे तुझ्या अंगाच्या मापाचं हवं. बाकीचं तयार घे, जुनं घे, नाहीतर पुढच्या वर्षी घे. या चाळणीतून तुझ्या यादीत उरतात तीन गोष्टी: वॉर्डरोब, ओट्याखालचं काम आणि तुझं कामाचं टेबल. बेडबद्दल खाली लिहितो.

आता वॉर्डरोब. कोटेशनमध्ये लिहिलंय ६ फूट बाय ७ फूट, ४२ चौरस फूट, दर १,६००. हा दर समोरच्या दर्शनी भागावर लावतात. आत किती फळ्या, किती ड्रॉवर, मागे किती जाडीचा प्लाय, आतून लॅमिनेट की नुसता रंग, यातलं काहीच त्या आकड्यात दिसत नाही. म्हणून दर कमी करा म्हणून घासाघीस केलीस, तर तो हसत हसत कमी करेल आणि आतल्या वस्तूत भरून काढेल. मागचा प्लाय पातळ होईल, बिजागऱ्या साध्या येतील, आणि तुला ते वर्षभराने कळेल.

त्यापेक्षा शीटचा हिशोब कर. प्लायची शीट ८ फूट बाय ४ फुटांची येते. वॉर्डरोबला १८ मिलिमीटर जाडीची लागते. मिस्त्री तिला सहा सूत म्हणतात, आठ सूत म्हणजे एक इंच. शीट उभी मधोमध चिरली की पावणेचोवीस इंची दोन पट्ट्या निघतात (प्रत्येक पट्टीमागे पाव इंच करवतीला आणि कडा सरळ करायला सोड). हॅन्गरवरचे कपडे आडवे मावायला एवढी खोली पुरते. कुणी २६ इंच खोली सुचवली तर नको म्हण, कारण उरलेली पट्टी मग २२ इंचांवर येते आणि तिच्यातून दुसरी बाजू निघत नाही.

आता वही घेऊन बस. ६ फुटी वॉर्डरोबला १८ इंचांचे चार पल्ले. ४ फुटांच्या शीटमधून असे दोनच निघतात, म्हणजे पल्ल्यांना २ शीट. उभ्या बाजू दोन आणि मधली एक, अशा ३ पट्ट्या. कप्पे दोन, प्रत्येकात तळ आणि माथा धरून सहा आडव्या फळ्या धर, म्हणजे १२ फळ्या, प्रत्येक जवळजवळ ३५ इंच लांब. ८ फुटांच्या पट्टीतून अशा दोनच निघतात आणि २६ इंचांचा तुकडा वाया. म्हणजे ६ पट्ट्या. एकूण ९ पट्ट्या, साडेचार शीट. पल्ल्यांच्या दोन धरून साडेसहा. विकत घेताना सातच घ्याव्या लागणार.

तुझी बेडरूमची भिंत ८ फूट २ इंच आहे ना? तर पल्ले पावणेसोळा इंचांचे कर. एका शीटमधून तीन निघतात, सहा पल्ल्यांना त्याच २ शीट, आणि वॉर्डरोबची रुंदी होते ७ फूट साडेदहा इंच. कप्पे तीन, आडवी फळी साडेतीस इंचांची, पट्टीतून तीन निघतात. १८ फळ्यांना ६ पट्ट्या, उभ्या बाजूंना ४, म्हणजे १० पट्ट्या, ५ शीट. एकूण सात. तेवढाच प्लाय आणि जवळपास दोन फूट जास्त कपाट! वर साडेतीस इंची फळी कपड्यांच्या वजनाने ३५ इंचीपेक्षा खूपच कमी वाकते. पल्ल्यांवरच्या लॅमिनेटचंही तेच, ती शीटही ८ बाय ४ चीच असते. चौरस फुटाच्या दराने गेली असतीस तर याच दोन फुटांचे त्याने तुझ्याकडून २० हजारांच्या वर लावले असते. पूर्ण फुकट नाही हे, ते सांगतो: ७ फुटी पल्ल्याला चार बिजागऱ्या लागतात, म्हणजे सोळाच्या ऐवजी चोवीस होतील. मजुरी थोडी वाढेल, मागचा पातळ प्लाय आणि आतलं लॅमिनेटही थोडं जास्त जाईल.

एवढं वाचून तुला वाटेल, मामाने गणिताचा तास घेतला. पण लाकूडकामात पैसे वाचतात ते इथेच, दुकानदाराशी भांडून पाच-दहा रुपये कमी करण्यात नाही.

म्हणून माल तू घे आणि मजुरी वेगळी ठरव. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटला एक सकाळ जा. प्लायवर आयएसचा, म्हणजे भारतीय मानकाचा, शिक्का बघ: आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय, त्याचा चिकटपणा ७२ तास पाण्यात उकळून तपासतात. आयएस ३०३ मध्ये साधा एमआर (दमटपणा सोसणारा) आणि त्याच्यावरचा बीडब्ल्यूआर (उकळतं पाणी सोसणारा) येतो. दुकानदार सगळीकडे ७१० घ्या म्हणेल, घराला आयुष्यभराचा प्रश्न आहे वगैरे ऐकवेल. तुला तो फक्त स्वयंपाकघरात लागतो. बेडरूमचं कपाट बाथरूमच्या भिंतीला लागून नसेल तर तिथे चांगल्या कंपनीचा एमआर पुरे. लागून असेल तर मात्र काटकसर नको. ओल प्लायच्या मागून येते आणि तिच्या मागून वाळवी. शीट घेताना कडेकडून बघ, थरांमध्ये फटी दिसल्या तर दुसरी काढायला सांग. संकोच करू नकोस, तिथे सगळेच काढायला लावतात. बिजागऱ्या, ड्रॉवर सरकायची चॅनेल आणि हॅन्डल बोहरी आळीत घे.

लॅमिनेटचा रंग सगळ्या घराला एकच ठेव. कपाटाला एक, टेबलाला दुसरा, शू रॅकला तिसरा असं केलंस की प्रत्येकाची अर्धी शीट वाया. एकच रंग असला की कपाटाच्या उरलेल्या पट्ट्यांतून शू रॅक निघतो. चकचकीत गडद रंग दुकानात छान दिसतो आणि घरी रोज बोटांचे ठसे पुसायला लावतो. मॅट फिनिशमध्ये फिका रंग घे.

हल्ली प्लाय कापून कडेला मशीनने पट्टी लावून देणारी दुकानं झाली आहेत. त्यांना कटिंग लिस्ट दिली की तुकडे नंबर घालून घरी येतात, मिस्त्रीने फक्त जोडायचे. धूळ कमी होते आणि सोसायटीच्या सेक्रेटरीशी दुपारच्या आवाजावरून वादही होत नाहीत. फक्त लिस्ट दोघांनी तपासा, एक तू आणि एक मिस्त्री. कापलेली फळी पुन्हा जोडता येत नाही.

ओट्याखाली मॉड्युलरचं खूळ सोड. बिल्डरने कडप्प्याच्या उभ्या फरश्या टाकून दिल्यात, त्या काढून टाकायचे पैसे कोटेशनमध्ये धरलेत! कडप्पा भिजला तरी फुगत नाही. त्याला पुढून फक्त चौकट आणि पल्ले लाव, ७१० प्लायचे, चारही कडा बंद केलेले. रोजच्या भांड्यांना स्टीलच्या दोन ट्रॉल्या बसव, बाकी डबे कडप्प्याच्या फळीवर राहू देत. सिंकखाली लाकडाचं काहीच नको, पाइप गळतोच कधीतरी. पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, स्वस्त म्हणून दाखवतील. कोरड्या खोलीत चालतो, ओट्याजवळ त्याच्या कडा पहिल्या पावसाळ्यातच फुगतात.

टेबलाचं माप सगळे ३० इंच धरतात. ते हाताने लिहिणाऱ्या सरासरी उंचीच्या पुरुषाला ठीक. तू पाच फूट एक इंच, दिवसभर लॅपटॉपवर. ज्या खुर्चीवर बसणार ती आधी घे, पाय जमिनीला टेकतील अशी उंची लाव, खांदे सैल सोडून कोपर काटकोनात वाकव आणि जमिनीपासून कोपरापर्यंत मोज. तेच टेबलाचं माप. माझा अंदाज, २६ इंचांच्या आसपास येईल. त्याच्या खाली ड्रॉवर घालू नकोस, मांडी अडकते. ड्रॉवर हवा तर बाजूला घे. म्हणूनच टेबल करून घ्यायचं म्हणतोय. तयार टेबलाचे पाय कापत बसण्यात काय अर्थ आहे?

बेडसाठी आधी गादी ठरव. ७८ बाय ६० इंच हे दुकानात सहज मिळणारं माप आहे; पलंग त्याच्यापेक्षा दोन इंच मोठा केलास की गादीही ऑर्डर देऊन घ्यावी लागते आणि पुढे चादरीही. हायड्रॉलिकचा पेटारा नको. नवं कपाट आठ फुटी झालंय, आणखी काय साठवणार आहेस? खाली १० इंच मोकळी जागा राहील असा साधा पायांचा पलंग, म्हणजे झाडू आणि ट्रंक दोन्ही आत जातात.

आणि इथे थोडी हौस करायची असली तर कर. पेठांतले वाडे उतरवताना निघालेलं जुनं सागवान अजून मिळतं. तुळया, चौकटी, कधी जिन्याच्या फळ्या. पन्नास-साठ वर्षं वाळलेलं लाकूड, त्याला आता वाकायचं-पिळायचं काही उरलेलं नसतं. सुताराला नव्या सीपी सागवानाहून, म्हणजे चंद्रपूर-बल्लारशाच्या मालाहूनही, हे काम करायला गोड वाटतं, असा माझा अनुभव. ते घनफुटावर विकतात: जाडी इंचात गुणिले रुंदी इंचात गुणिले लांबी फुटांत, भागिले १४४. म्हणजे ४ बाय ३ ची ७ फुटी तुळई ०.५८ घनफूट. हिशोब तू स्वतः मोबाइलवर कर, दुकानदाराचा आकडा तोंडी घेऊ नकोस. घेण्याआधी टोकाला बारीक भोकं किंवा पिवळसर भुसा दिसतो का बघ. दिसला तर कीड आहे, तो तुकडा सोड. आत खिळे असतात, त्यांनी रंध्याचं पातं जातं, म्हणून मिस्त्री खिळे काढायचे वेगळे पैसे मागेल. ते रास्त आहेत.

सोफा करून घेऊ नकोस. हॉलमध्ये ६ फूट बाय अडीच फुटांचा दिवाण टाक, ४० डेन्सिटीचा फोम, धुता येईल असं कव्हर. आई आली की तिथेच झोपेल. टीव्ही भिंतीवर टांग, त्याच्यामागच्या पॅनेलचे पैसे पलंगात घाल. डायनिंग टेबलाचं सहा महिन्यांनी बघू.

मिस्त्रीबद्दल. त्याने केलेलं दोन वर्षांपूर्वीचं काम बघायला माग, परवाचं नाही. पल्ले एका रेषेत आहेत का, ड्रॉवर पूर्ण बाहेर येतो का, कडेची पट्टी सुटलीय का. हिंदीत बोलायला अवघडू नकोस, आपल्याकडचे बरेच सुतार राजस्थानातून आलेले, काम चोख करतात. पैसे तीन टप्प्यांत दे: सांगाडा उभा राहिला की, पल्ले लागले की, आणि शेवटचे काम संपल्यावर पंधरा दिवसांनी, बिजागऱ्या एकदा पुन्हा आवळून झाल्यावर. हे सुरू करण्याआधी कागदावर लिहून दोघांनी सही करा. दोन वेळचा चहा तुझ्याकडून.

पॉलिशचं काम असेल तर पावसाळ्याआधी सुरू कर किंवा दिवाळीनंतर. पावसाळी दमट हवेत पॉलिशवर पांढरट झाक येते, मग तोच पलंग पुन्हा घासावा लागतो.

या रविवारी रिकाम्या फ्लॅटवर जा. खडूने फरशीवर पलंग, कपाट, टेबल खऱ्या मापाचे आख, पल्ले उघडल्यावर किती पुढे येतात तेही. मग त्या रेषांमधून बाथरूमला जाऊन ये, खिडकी उघडून बघ, दार पूर्ण लाव. कुठे अंग चोरावं लागलं तर मला फोन कर. आणि कपाटाची भिंत तीन ठिकाणी मोज: तळाशी, कमरेशी आणि वर तुळईच्या खाली. बिल्डरची भिंत कधीच सरळ नसते. तिन्हीतलं सर्वांत कमी माप मिस्त्रीला दे. शिवाय प्लगपॉइंट जमिनीपासून किती उंचीवर आहेत ते लिहून पाठव, तुझ्या नकाशात ते कुठेच दिसले नाहीत.

तुझा,
मामा