द्विशिक्षकी शाळेतील अबोल मुलासाठी शिक्षकाने कोणते प्रशिक्षण घ्यावे?

खाडीकाठच्या द्विशिक्षकी शाळेत आपण नव्याने रुजू झाल्या आहात आणि वर्गातील एका अबोल मुलासाठी समावेशित शिक्षणाचा, म्हणजे दिव्यांग मुलांना इतरांबरोबर एकाच वर्गात शिकवण्याचा, ऑनलाइन अभ्यासक्रम करावा की तालुक्याच्या गटसाधन केंद्रातील शिक्षक प्रशिक्षणाची वाट पाहावी, असे विचारता. जे आधी मिळेल ते करावे. मात्र त्या मुलाला समजून घेण्याचे काम प्रशिक्षण होईपर्यंत लांबणीवर टाकू नये आणि प्रशिक्षण झाले म्हणून ते संपले असेही मानू नये. या दोन चुकांपैकी दुसरी मी केली आहे, म्हणून हे लिहीत आहे.

2018 साली मी देवगड तालुक्यातील एका वाडीतल्या शाळेत होते. पट 23 आणि छपराला पत्रे. दुसरीतील एका मुलाचे वडील मासेमारीच्या बोटीवर, तर आई मासे सुकवण्याच्या कामावर जात असे. पहिलीत हा मुलगा बरा होता. दुसरीचा पावसाळा सुरू झाला आणि त्याचे श्रुतलेखन पार बिघडले, मुलांशी मारामाऱ्या वाढल्या, श्रुतलेखनाच्या दिवशी हमखास पोटात दुखू लागले. त्याच्या नोंदीत मी स्वतःच्या हाताने लिहिले होते, ‘मनात आले तरच ऐकतो.’

त्याच वर्षी माझे समावेशित शिक्षणाचे प्रशिक्षण झाले होते. 1995 च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे 7 प्रकार होते, 2016 च्या कायद्यात ते 21 झाले. ती यादी मी वहीत उतरवली होती आणि मला ती तोंडपाठ होती. तरीही त्या मुलाकडे पाहताना यादीतील एकही शब्द मला आठवला नाही, कारण टेबलाजवळ बोलावून विचारले की तो नीट उत्तर देत असे. वर्गातील मुले त्याला ‘भैरो’, म्हणजे मालवणीत बहिरा, म्हणत. मी त्यांना रागावले आणि नावे ठेवू नयेत यावर सर्व वर्गाला समज दिली. ते चिडवणे थांबवणे आवश्यकच होते. परंतु प्रशिक्षण घेतलेल्या बाईंना जे दिसले नव्हते ते मुले मला रोज सांगत होती, हे माझ्या ध्यानातच आले नाही.

ऑगस्टमध्ये एका दुपारी पावसामुळे मी अंगणवाडीच्या पडवीत अडकले. बोलता बोलता अंगणवाडीताई म्हणाल्या, “बाई, तेचो कान व्हावता. पावसात तर जास्तीच.” म्हणजे त्या मुलाचा कान वाहत होता. आमचे आवार एकच होते. तिच्या हाताखालून मूल माझ्या वर्गात येत होते आणि इतक्या वर्षांत आम्ही एकाही मुलाविषयी ठरवून बोललो नव्हतो. दुसऱ्या दिवशी सहशिक्षकांना विचारले, तेव्हा ते म्हणाले की हा मुलगा बोलणाऱ्याकडे नेहमी मान वळवून उजवा कान करतो. म्हणजे आम्हा तिघांकडे एकेक तुकडा होता आणि प्रत्येक जण आपला तुकडा घेऊन गप्प होता.

शाळा-अंगणवाड्यांत मुलांची आरोग्य तपासणी करणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाने तपासले, तेव्हा डाव्या कानाच्या पडद्याला छिद्र असल्याचे कळले. पडदा फाटलेला आणि कान वाहता असला की आवाज दबून पोहोचतो. कान कोरडा असताना, शांततेत आणि समोरून बोलल्यास मूल बरेच ऐकते, परंतु मागच्या बाकावर बसून पत्र्यावर कोसळणाऱ्या पावसात त्याला शब्द वेगळे करता येत नाहीत. त्याच्या ‘मनात येण्याचे’ कारण एवढेच होते. आम्ही त्याला पुढे, उजवा कान आमच्याकडे येईल असे बसवले. फळ्याकडे तोंड करून बोलणे मी सोडले. आधी लिहायचे, मग वळून बोलायचे. दुसऱ्या मुलाने दिलेले उत्तर मी त्याच्यासमोर पुन्हा म्हणत असे. सहशिक्षकांनीही हेच पाळले, म्हणून ते टिकले. दिवाळीपर्यंत पोटदुखी थांबली होती.

हा अनुभव मी आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत मांडला आणि दर महिन्याला एका मुलाविषयी नाव न घेता अर्धा तास चर्चा व्हावी, असे सुचवले. एका अधिकाऱ्यांनी सर्वांसमोर सांगितले की हा मुलगा दिव्यांगांच्या यादीत बसत नाही आणि यादीत बसणाऱ्यांसाठी विशेष शिक्षक आहेत. तो यादीत बसत नव्हता, हे खरेच आहे. कायद्यात ‘ऐकू कमी येणे’ म्हणजे दोन्ही कानांत 60 ते 70 डेसिबलचा ऱ्हास. परंतु शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 24 नुसार प्रत्येक बालकाची शिकण्याची क्षमता तपासून आवश्यक ते जादा अध्यापन करणे हे वर्गशिक्षकाचे कर्तव्य आहे, आणि त्या कलमात प्रमाणपत्राची अट नाही. त्या दिवशी हे कलम मला आठवले नाही. आज ते येथे लिहिते आहे. अनेक शाळांमागे एक विशेष शिक्षक फिरत असताना वर्गातील मूल त्यांच्यावर सोपवणे म्हणजे त्याला वाऱ्यावर सोडणे आहे, हे माझे मत बदललेले नाही. सभागृहात तक्ते दाखवणाऱ्या दहा दिवसांपेक्षा दोन शाळांतील चार शिक्षकांनी एका मुलाची वही समोर ठेवून केलेली चर्चा हेच खरे प्रशिक्षण आहे.

प्रत्येक अबोल मुलाचा कानच दुखावलेला असतो, असे मात्र समजू नये. मालवणी बोलणारे मूल प्रमाण मराठीपुढे गप्प होते, नेपाळी खलाशाचे मूल तर अधिकच, आणि काही मुलांचे मौन घरातून आलेले असते. ऑनलाइन अभ्यासक्रमातून संज्ञा आणि कायदा चांगला समजतो, तेवढ्यासाठी तो जरूर करावा.

आपल्या मुलाविषयी अंगणवाडीताई आणि सहशिक्षकांना याच आठवड्यात विचारा. पथक शाळेत वर्षातून एकदाच येते, अंगणवाडीत दोनदा. पुढची तारीख मुख्याध्यापकांकडून घेऊन ठेवा. आणि तोवर शिकवताना खिडकीकडे पाठ करून उभ्या राहू नका, कारण मागून उजेड आला की आपला चेहरा काळोखात जातो आणि मुलाला ओठ दिसत नाहीत.