नैराश्याच्या गोळ्या : सवय नेमकी कोणत्या गोळीची लागते?

"मॅडम, गोळ्या तेवढ्या नकोत. एकदा सुरू झाल्या की जन्मभर सुटत नाहीत." नैराश्यासाठी येणाऱ्यांकडून, आणि त्याहून जास्त त्यांच्या घरच्यांकडून, हे इतक्यांदा ऐकायला मिळतं की त्याला एकदा सविस्तर उत्तर द्यायला हवं. "काही सवय लागत नाही, घ्या बिनधास्त" असं म्हणून भागत नाही. कारण ही भीती हवेतून आलेली नसते, ती फक्त चुकीच्या गोळीवर जाऊन बसलेली असते. पुढची हकिकत अनेकांच्या अनुभवांतून जुळवलेली आहे आणि ओळख पटेल असं सगळं बदललेलं आहे.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहिणारे एक गृहस्थ, वय 46. त्यांना दिवाणजी म्हणू. सुरुवातीचे काही महिने त्यांनी मनाचं नावही काढलं नव्हतं. डोकं जड, अंग गळून गेलेलं, पोटात गोळा, तोंडाला चव नाही. शुगर तपासून झाली, ईसीजी झाला, ताकदीचं सलाईनही लावून झालं. मग हिशेबात चुका व्हायला लागल्या, दाढी राहायला लागली, फोन वाजत राहायला लागला. पहाटे तीनला जाग यायची आणि तेव्हा एकच विचार : आपलं घरावर ओझं झालंय. संध्याकाळी मात्र जरा मोकळं वाटायचं. सकाळी सगळ्यात वाईट आणि दिवस कलला की थोडं बरं, हा नैराश्यात वारंवार दिसणारा प्रकार आहे. घरच्यांना तो नाटक वाटतो. "संध्याकाळी बरं असतं, मग कामाच्या वेळीच काय होतं?"

दोन आठवडे, जवळजवळ रोज, मन उदास असणं किंवा कशातच रस न वाटणं आणि त्याच्या जोडीला झोप, भूक, थकवा, लक्ष न लागणं, अपराधीपणा, मरणाचे विचार अशांपैकी काही मिळून किमान पाच लक्षणं असतील, तर त्याला आजार म्हणतात. मनोविकारतज्ज्ञांनी गोळी लिहिण्याआधी थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-12 तपासून घेतलं, कारण यांतल्या कशाचीही कमतरता हुबेहूब नैराश्यासारखी दिसू शकते. आणखी एक प्रश्न त्यांनी दिवाणजींना आणि वहिनींना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, वेगवेगळा विचारला : आयुष्यात कधी असे सलग काही दिवस आले का, की झोप दोन-तीन तासच पण थकवा नाही, बोलणं थांबत नाही, पैसा सुटलाय, मोठमोठ्या योजना? असे दिवस येऊन गेले असतील तर आजार द्विध्रुवी, म्हणजे नैराश्य आणि अतिउत्साह अशा दोन टोकांचा, असू शकतो. तिथे नुसती नैराश्याची गोळी दिली तर माणूस उलट्या टोकाला जाऊ शकतो. दिवाणजींचं तसं काही नव्हतं. त्यांचं नैराश्य एकध्रुवी होतं.

चिठ्ठीवर दोन गोळ्या होत्या. सकाळी नैराश्यावरची एसिटालोप्राम, पहिला आठवडा 5 मिलिग्रॅम आणि मग 10. रात्री झोपेसाठी क्लोनाझेपाम अर्धी गोळी, फक्त 15 दिवस. दहाव्या आठवड्यापर्यंत दिवाणजी चांगले सावरले आणि बरं वाटतंय म्हणून त्यांनी सकाळची गोळी एका दिवसात बंद केली. तिसऱ्या दिवशी चक्कर, मान वळवली की डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं, चिडचिड. दहा दिवसांत ते निवळलं. पण त्यांचं मत पक्कं झालं : सवय लागली होती म्हणूनच हे झालं. दोन महिन्यांनी पहाटेची जाग परत आली, मागोमाग बाकीचं सगळं आलं. माझ्याकडे समुपदेशनाला आले ते अटीवरच. "आता फक्त बोलून बरं करा."

गोळ्यांचा विषय काढण्याआधी मरणाबद्दल विचारलं, सरळ शब्दांत. असं विचारल्याने डोक्यात नसलेला विचार येत नाही, उलट माणसाचा श्वास मोकळा होतो. "पहाटे वाटतं," ते म्हणाले, "पण करणार नाही काही." मग पुढचे प्रश्न : कसं करायचं ते कधी ठरवलं होतं का, घरात तसं काही आहे का. गावाकडच्या शेताची फवारणीची औषधं परसातल्या खोलीत होती. त्यांच्याच संमतीने वहिनींना बोलावलं आणि त्याच दिवशी ती बाटल्यांसह भावाकडे हलवली. आपल्याकडे हे पाऊल कधीही टाळू नये. टोकाचा विचार बऱ्याचदा लाटेसारखा येतो आणि ओसरतो. त्या वेळात हाताशी बाटली नसणं यानेच जीव वाचतो.

दुसऱ्या भेटीत वहिनींना औषधांची पिशवी घेऊन यायला सांगितलं होतं.

"गोळ्या पूर्ण बंद आहेत ना?"

"पूर्ण. झोपेची अर्धी तेवढी चालू आहे. ती साधीच आहे."

"अर्धी कुठली?" वहिनी म्हणाल्या, "आता एक लागते. कधी दीड. मेडिकलवाला ओळखीचा आहे, जुन्या चिठ्ठीवर देतो."

"आणि एखाद्या रात्री संपली तर?"

दिवाणजी जरा थांबले. "संपली होती एकदा. भर पावसात जाऊन आणली."

"सकाळची संपली की काय व्हायचं?"

"तिची तर मीच आठवण करायचे," वहिनी म्हणाल्या. "पाकीट संपून दोन दिवस झाले तरी ह्यांना पत्ता नसायचा."

यानंतर बराच वेळ कोणी बोललं नाही, आणि मीही बोलायची घाई केली नाही. दिवाणजींनी दोन्ही पाकिटं समोर ओढून शेजारी शेजारी ठेवली. मग म्हणाले, "म्हणजे जमेची रक्कम मी नावे टाकली."

हेच झालं होतं, आणि हेच घरोघर होतं. जी गोळी चालू ठेवायची ती सोडली जाते आणि जी पंधरा दिवसांत थांबायची ती वर्षानुवर्षं चालते. डॉक्टरांनी त्यांना "सवय लागत नाही" हे पुनःपुन्हा सांगितलं होतं. ते पटलं नव्हतं. स्वतःच्या घरातला पुरावा स्वतःच्या हाताने मांडला तेव्हा पटलं. समुपदेशनात माणसाला पटवण्यापेक्षा त्याला त्याचाच अनुभव नीट तपासायला लावणं जास्त कामाचं, असं माझं ठाम मत आहे, आणि त्या दिवशी ते पुन्हा खरं ठरलं याचं समाधान आहे.

व्यसन म्हणजे मात्रा वाढवावी लागणं, वस्तूसाठी जीव तळमळणं, ती मिळवायला धावणं. एसिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुऑक्सेटिन या गटात हे होत नाही. त्या अचानक तोडल्या तर चक्कर, डोक्यात विजेसारखे झटके, मळमळ, चिडचिड होते, कारण मेंदू औषधाशी जुळवून बसलेला असतो. हा त्रास दोन-चार दिवसांत सुरू होतो आणि बहुतेकांचा एक-दोन आठवड्यांत जातो; मात्रा हळूहळू उतरवली तर बराच टळतो. आजार परततो तो मात्र आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, आणि येतो आपल्या ओळखीच्या लक्षणांनिशी. दिवाणजींनी या दोन गोष्टींची एकच गोष्ट केली होती. उलट क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम या झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्यांची सवय खरोखर लागते. पण त्याही एकदम तोडायच्या नाहीत. बरेच दिवस घेणाऱ्याने अचानक थांबवल्या तर फिट येऊ शकते. डॉक्टरांनी दिवाणजींची ती गोळी काही आठवड्यांत थोडीथोडी करत बंद केली आणि सकाळची पुन्हा सुरू केली.

पहिल्या काही आठवड्यांतच बरेच जण गोळी सोडतात, कारण तेव्हा फायदा दिसत नाही आणि मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थपणा तेवढा दिसतो. गोळी नाश्त्यानंतर घ्यावी. फरक पडायला दोन ते चार आठवडे लागतात, पुरता अंदाज सहा-आठ आठवड्यांनी येतो. लैंगिक इच्छा कमी होणं हाही परिणाम असतो. लाजेने तो कोणी सांगत नाही आणि गुपचूप गोळी सोडली जाते. सांगितला तर डॉक्टर मात्रा किंवा औषध बदलू शकतात. वय पंचविशीच्या आत असेल तर पहिल्या काही आठवड्यांत बेचैनी आणि आत्महत्येचे विचार वाढत नाहीत ना, यावर घरच्यांनी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं. साठीपुढच्या माणसाला गोंधळल्यासारखं झालं, तोल जायला लागला, तर रक्तातलं सोडियम तपासावं. अंगदुखीच्या गोळ्या रोज घेत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण दोन्ही मिळून रक्तस्रावाचा धोका वाढतो.

गोळीने झोप आणि भूक आधी सावरते. उठून कामाला लागणं तेवढ्याने होत नाही, तिथे आमचं काम. माझा भर कृतीवर असतो. अमेरिकेत पीटर लेविन्सन यांनी 1970 च्या दशकात ही दिशा दाखवली. 1996 मध्ये नील जेकबसन आणि सहकाऱ्यांनी तपासलं तेव्हा विचार बदलण्याच्या पूर्ण उपचाराइतकाच गुण नुसत्या कृतीच्या भागाने आला. दिवाणजी म्हणायचे, "बरं वाटलं की जाईन." या आजारात क्रम उलटा असतो, आधी जायचं आणि बरं वाटणं मागून येतं. आठवडाभर त्यांनी तासागणिक लिहिलं : काय केलं, त्यात आनंद किती, जमल्याचं समाधान किती, दोन्ही शून्य ते दहा. हिशेबाचा माणूस, नोंदी चोख. दुपारचं पडून राहणं शून्य-शून्य. भाचीला गणित शिकवणं, आनंद दोन, समाधान पाच. मग त्या पाचाच्याच जागा वाढवल्या.

घरच्यांनी आधी पहाटे पाचला उठून प्राणायाम आणि सूर्यनमस्कार असा बेत आखला होता. तो तिसऱ्या दिवशी मोडला आणि अपराधीपणात भरच पडली. आम्ही ठरवलं ते एवढंच : आठला दाढी, मग दहा मिनिटं चालणं, इच्छा असो वा नसो, घड्याळ बघून. दहाची पंधरा मिनिटं दुसऱ्या आठवड्यात. सहाव्या आठवड्यात अर्धा दिवस दुकान, तेही आधी फक्त आवकेच्या नोंदी, रोखीचे व्यवहार नंतर. चूक होण्याची धास्ती जिथे सर्वांत जास्त, ते काम सर्वांत शेवटी.

"जन्मभर" या प्रश्नाचं उत्तर असं : पहिल्याच वेळचं नैराश्य असेल तर पूर्ण बरं वाटल्यावर साधारण सहा ते नऊ महिने गोळी चालते. पुनःपुन्हा येत असेल तर दोन वर्षं किंवा त्याहून जास्त, आणि काही थोड्यांना दीर्घकाळ. हे महिने बरं वाटू लागल्यापासून मोजायचे, पहिल्या गोळीपासून नव्हे. दिवाणजींचं मोजणं त्यामुळे नव्याने सुरू झालं.

उतरवणीचा काळ डॉक्टरांनी मुद्दाम नव्या हळदीच्या सौद्यांचा हंगाम संपल्यावर धरला. वहिनींनी कॅलेंडरच्या मागे तीन खुणा लिहिल्या आहेत : पहाटेची जाग, न केलेली दाढी, न उचललेला फोन. यांतल्या दोन सलग आठवडाभर दिसल्या की डॉक्टरांची पुढची तारीख येईपर्यंत थांबायचं नाही, आणि रात्री-अपरात्री मरणाचा विषय निघाला तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक, तो चोवीस तास चालू असतो. सध्या दिवाणजी 5 मिलिग्रॅमवर आहेत.