तालीम की वर्कशॉप?

प्रश्न : माझा मुलगा २४ वर्षांचा आहे. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून वडिलांच्या फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये बसतो. पण संध्याकाळचे सात वाजले की स्वारी हौशी नाटकाच्या तालमीला. घरी यायला अकरा. राज्य नाट्य स्पर्धा जवळ आली की जेवणाचीही शुद्ध नसते. हे म्हणतात, ‘एक तर नाटक कर, नाहीतर धंदा.’ रोज ताटावर वाद. तुम्ही दोन्ही केलंत, म्हणून विचारते. – एक आई, इचलकरंजी

उत्तर : ताई, मी ३२ वर्षं कुपवाडला शेड आणि ग्रिलची कामं केली. त्यातली १८ वर्षं स्पर्धेच्या नाटकांचं नेपथ्यही केलं. माझे वडीलही हेच बोलायचे, फक्त जरा वाईट शब्दांत.

कलेनं माणसाची कल्पकता वाढते वगैरे लोक सांगतात. असेल. मला तिथून मिळालं ते फार साधं होतं. आमच्या एका नाटकात दोन प्रवेशांच्या मध्ये ४० सेकंदांचा ब्लॅकआउट होता. तेवढ्यात सोफा बाहेर, खाट आत, मागचा फ्लॅट, म्हणजे रंगवलेली खोटी भिंत, फिरवायचा. पाच पोरं, कोणी कोणाला दिसत नाही. पहिल्याच प्रयोगात खाटवाला आणि सोफावाला विंगेत समोरासमोर धडकले. मग कागद घेऊन बसलो : कोण कुठल्या विंगेतून येणार, काय उचलणार, कोण कोणासाठी थांबणार. महिनाभरानं वर्कशॉपवर टेम्पो भरताना तोच कागद आठवला. तोवर बेसप्लेट आणि नटबोल्टच्या पेट्या तळाशी जायच्या आणि साइटवर पोचल्यावर पहिल्यांदा त्याच लागायच्या. अर्धा टेम्पो उपसा, मग काम सुरू. त्या दिवसापासून आम्ही टेम्पो उलट्या क्रमानं भरायला लागलो.

दुसरं, गप्प बसणं. माणूस कमी पडला की मला छोटी भूमिका मिळायची. दिग्दर्शक ओरडायचे, ‘वाक्य संपलं ना? मग तोंड मीट, समोरच्याला घेऊ दे.’ धंद्यात मी दर सांगायचो आणि गिऱ्हाईक दोन क्षण गप्प राहिलं की मीच घाबरून म्हणायचो, ‘बघू, थोडं कमी करू.’ एकदा किलोला ८२ रुपये सांगितले आणि ओठ मिटले. समोरचे गृहस्थ पंख्याकडे बघत राहिले. मी त्यांच्या चहाच्या कपाकडे. शेवटी तेच म्हणाले, ‘रंग त्यातच धरलाय ना?’ काम मिळालं, ८२ रुपयांनीच.

तुमच्या यजमानांना हे पटायचं नाही. त्यांना किर्लोस्करवाडीचं सांगा, तुमच्या शेजारच्याच जिल्ह्यातलं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर १८८५ साली मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले होते. रंग ओळखण्यात दोष निघाला, ते सोडावं लागलं. मग यंत्रांचं ड्रॉइंग शिकले आणि शिकवलंही. पुढे बेळगावात सायकलीचं दुकान, मग लोखंडी नांगर. लोखंड जमिनीत विष कालवतं म्हणून शेतकरी नांगराला हात लावेनात, तरी ते हटले नाहीत. १९१० मध्ये त्यांना कारखान्यासाठी जागा दिली औंधच्या राजांनी, आणि ते बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार! चित्रकाराला चित्रकारानं ओळखलं, असं माझं आपलं मत.

पण मुलाच्या बाजूनंच बोलत नाही. नाटकाचा नाद पैसे खातो. बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी १९२१ साली कर्जात बुडालेली होती, तिथं आपण कोण? माझंच सांगतो. एका वर्षी प्रयोगाची तारीख आणि एका कारखान्याच्या जाळ्या द्यायची तारीख एकाच दिवशी आली. मी थिएटरवर खिळे ठोकत राहिलो. ते गिऱ्हाईक गेलं ते गेलंच. दोन वह्या होत्या ना, एक नाटकाची, एक धंद्याची! तुमच्या मुलाला एकच वही ठेवायला लावा, डिलिव्हरी आणि प्रयोग एकाच पानावर. स्पर्धेच्या महिन्यात नवीन काम घ्यायचं की नाही, हे वडिलांना आधी सांगायचं, आयत्या वेळी नाही.

यजमानांना एकदा तालमीला पाठवा. प्रयोगाला नको, तिथं टाळ्या असतात. तालमीत तेच पान दहाव्यांदा घेताना पोरगा चिडतो की ऐकून घेतो, हे त्यांना खुर्चीत बसून बघू दे. आणि पुढच्या कोटेशनला त्यालाच पाठवू दे.

अजून एक. ग्रुपची स्मरणिका निघत असेल तर तिच्या जाहिराती मागायचं काम त्यानं अंगावर घ्यावं. मी सांगलीच्या गणपती पेठेत दुकानादुकानातून ‘उद्या या’ ऐकत फिरलोय, त्याच्यापुढे बँकेचा मॅनेजर काहीच नाही. पहिली जाहिरात त्यानं वडिलांकडेच मागावी. यजमानांना सांगून ठेवा, लगेच हो म्हणायचं नाही. दर विचारायचा, घासाघीस करायची आणि अर्धं पान हवं असताना पाव पानावर अडून बसायचं.