घर तपासायला कोणी कोणी जायचं?

प्रश्न : भायलीला तीन वर्षं जुना रिसेलचा टू बीएचके बघितलाय, टोकन अजून दिलं नाहीये. मिस्टरांनी एक सिव्हिल इंजिनिअर ठरवलाय, रविवारी येऊन तो फ्लॅट तपासणार. हे घरात कळल्यापासून सासू-सासरे, नणंद, नंदोई सगळ्यांनाच यायचंय, आणि चुलत सासरे पीडब्ल्यूडीतून रिटायर झालेत, ते म्हणतात बाहेरचा इंजिनिअर कशाला, मी आहे ना! ब्रोकर मात्र म्हणतोय दोघंच या. तो काही लपवतोय का? आणि घरच्यांना नाही तरी कसं म्हणायचं?
– एक वाचक, मांजलपूर, बडोदा

उत्तर : ताई, मी स्वतः याच धंद्यात आहे त्यामुळे ब्रोकरच्या डोक्यात काय चालतं ते आधी सांगते. माणसं जास्त आली की मतं जास्त येतात आणि सौदा फिसकटतो, ही भीती आम्हा सगळ्यांनाच असते. दुसरं म्हणजे रिसेलमध्ये मालक बहुतेक वेळा त्याच घरात राहत असतो, त्याच्या बेडरूममध्ये एकदम सात-आठ माणसं शिरली की त्याला ते लागतं. म्हणून रविवारपुरतं "दोघंच या" म्हणाला असेल तर त्यात काही काळंबेरं नाही. पण घरच्यांना कुठल्याच दिवशी आणू नका म्हणत असेल, किंवा इंजिनिअरची काय गरज आहे असं म्हणायला लागला, तर मात्र नक्की सावध व्हा.

माझं मत स्पष्ट आहे, जो त्या घरात राहणार आहे त्याने टोकन द्यायच्या आधी ते घर बघितलंच पाहिजे. आपल्याकडे डाऊन पेमेंटमध्ये सासऱ्यांचा पीएफ असतो, सासूबाईंच्या एफडी मोडलेल्या असतात, त्यांना फोटो दाखवून गप्प करणं मला तरी पटत नाही. सासऱ्यांना तिथला जिना झेपला नाही आणि त्यामुळे सौदा मोडला तर तो टोकनच्या आधी मोडलेलाच बरा, यात ब्रोकरचंही भलं आहे, नंतरची टोकन परत मागायची भांडणं फार वाईट असतात.

म्हणून एक दिवस आधी, शनिवारी, सगळ्यांना घेऊन जा आणि प्रत्येकाला काम द्या. सासूबाईंनी किचन बघावं, ओट्याची उंची त्यांना आणि तुम्हाला दोघींना चालते का, सगळे नळ एकदम सोडले तर प्रेशर राहतं का, कपडे वाळत कुठे घालायचे. वास्तूचं काय असेल ते पण त्याच दिवशी बोलून संपवा, रविवारी इंजिनिअरसमोर ईशान्य-नैऋत्य काढू नका.

सासऱ्यांचं काम सगळ्यात महत्त्वाचं. पार्किंगपासून लिफ्टपर्यंत किती पायऱ्या चढाव्या लागतात, लाईट गेली की लिफ्ट जनरेटरवर चालते का, एवढं बघून झालं की त्यांनी खाली वॉचमनशी आणि तळमजल्यावरच्या लोकांशी गप्पा माराव्यात. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदी 35 फुटांच्या वर गेली, तेव्हा इथे पाणी कुठपर्यंत आलं होतं? लिफ्टच्या खड्ड्यात शिरलं का, मीटर रूम कुठे आहे, लाईट किती दिवस नव्हती? सोसायटी नवीन आहे म्हणून शेजारच्या जुन्या सोसायटीत पण विचारा, 2019 च्या जुलैअखेरीस एका दिवसात जवळजवळ 20 इंच पाऊस पडला होता ते तिथल्या लोकांना नक्की आठवत असेल. बडोद्यात घर घेताना मी हा प्रश्न सगळ्याच्या वर ठेवते. ताजा रंग मारलेल्या भिंतीवरून हे इंजिनिअरलाही कळेलच असं नाही आणि तुम्ही विचारलंत तर लोक "नाही नाही, काही नाही" म्हणतील, म्हातारं माणूस खुर्ची ओढून बसलं की खरं बोलणं सुरू होतं.

आता रविवार. इंजिनिअर काय करतो तर टाईल्सवर ठोकून पोकळ आवाज येतोय का ते ऐकतो, भिंतीत मीटर लावून ओल मोजतो, प्लगांचं अर्थिंग, बाथरूमचा उतार, वरच्या बाथरूमखालच्या छताला क्षार फुटलेत का, प्लास्टरची बारीक चीर कुठली आणि कॉलम-बीमची खरी तडा कुठली, हे सगळं बघतो. टू बीएचकेला दोन-तीन तास जातात आणि मागे गप्पा चालू असल्या तर त्याला तो पोकळ आवाजच ऐकू येत नाही. म्हणून तुम्ही दोघं आणि फार तर एक जण. तो एक जण म्हणजे चुलत सासरेच असू देत, त्यांचा अनुभव वाया का घालवायचा? फक्त त्यांना आधीच प्रेमाने सांगा की काका, प्रश्न लिहून ठेवा, शेवटच्या अर्ध्या तासात आपण सगळे विचारू. यामागे कारण आहे. दोन जाणकार माणसं मालकासमोर एका चिरेवरून वाद घालायला लागली की तरुण इंजिनिअर वयाचा मान राखून "हो काका, तसंही असेल" म्हणून मोकळा होतो आणि मग रिपोर्टमध्ये पण तो मुद्दा मवाळ होऊन येतो. नुकसान तुमचं होतं.

बाथरूमचं वॉटरप्रूफिंग तपासायचं असेल तर जाळी बंद करून चोवीस तास पाणी भरून ठेवतात आणि खालच्या फ्लॅटचं छत बघतात, त्याला मालकाची आणि खालच्यांची दोघांची परवानगी लागते, ती ब्रोकरकडून आधीच घेऊन ठेवा. आणि फ्लॅट तीन वर्षांचाच आहे म्हणून हे पण बघा, रेरा कायद्याच्या कलम 14 प्रमाणे पझेशनपासून 5 वर्षांत स्ट्रक्चरचा किंवा कामाचा दोष निघाला तर कळवल्यापासून 30 दिवसांत बिल्डरने तो फुकट दुरुस्त करायचा असतो, आणि रिसेलने घेणाऱ्यालाही हा हक्क मिळतो. पहिल्या मालकाचं पझेशन लेटर मागून तारीख बघा.

नणंद-नंदोईंना रविवारसाठी नाही म्हणायचं काम मिस्टरांनी करावं, सुनेने नाही. रिपोर्ट आला की सगळ्यांना जेवायला बोलवा आणि मोठ्याने वाचून दाखवा, तेव्हा जितकी मतं द्यायची तितकी देऊ देत.

प्रश्न : मुलगी न्यू जर्सीत घर घेतेय, मी सध्या तिच्याकडेच आहे. इन्स्पेक्शनला मी गेलेलं चालेल का? तिची एजंट जरा नाखूष वाटली.
– एक आई, मूळ दांडिया बाजार

उत्तर : मावशी, जा, पण तिथलं वेगळं आहे हे लक्षात घ्या. तिथे इन्स्पेक्शन करार झाल्यावर होतं. न्यू जर्सीत आधी वकिलांना करार बघायला तीन कामाचे दिवस मिळतात, मग ठरलेल्या मुदतीत तपासणी करून दुरुस्ती किंवा पैसे कमी करायची मागणी करायची असते. म्हणजे मुलीला प्रत्येक तास मोलाचा, तिथे पडदे कुठले लावू हा विषय नको. इन्स्पेक्टर वाळवी, जमिनीतून घरात शिरणारा घातक रेडॉन गॅस, जमिनीत पुरलेली जुनी तेलाची टाकी असलं बघत असेल तेव्हा तिला त्याच्या मागे मागे फिरू द्या. आणि घरात असताना किमतीबद्दल एक शब्द बोलू नका, मराठीत पण नाही, तिथे मालकांनी बऱ्याचदा कॅमेरे लावलेले असतात आणि समजणारं कोणीही निघू शकतं. नातवंडं लहान असतील तर त्यांना घेऊन तुम्ही घरीच थांबलात तर मुलीला सगळ्यात जास्त मदत होईल, शेवटच्या अर्ध्या तासाला या.

प्रश्न : इंजिनिअर ब्रोकरनेच सुचवला तर घ्यावा का?
– एक वाचक, कारेलीबाग

उत्तर : नको. माणूस चांगला असेलही, पण त्याला पुढचं काम त्याच ब्रोकरकडून मिळणार असतं. स्वतः शोधा, फी तुम्ही द्या आणि रिपोर्ट थेट तुमच्या ईमेलवर मागवा.