‘इच्छाशक्ती’ वाढवावी की ‘मनावर घ्यावे’?

सोलापूरच्या एका ताईंचा प्रश्न आहे: “उपवासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) घरोघरी प्रार्थनासभा होतात. त्यासाठी मी मननाचे एक छोटे पत्रक लिहिते आहे. त्यात ‘जाणीवपूर्वक विचार करून आपली इच्छाशक्ती बळकट करावी’ असे वाक्य आले. एका वडीलधाऱ्या बाईंनी हरकत घेतली. त्या म्हणाल्या, ‘इच्छा देवाची, शक्तीही देवाची, मग आपली इच्छाशक्ती कुठून काढली?’ शब्द बदलू का? आणि आमच्यातल्या बऱ्याच घरी तेलुगू बोलतात, काही घरी कानडी. त्यांना समजेल असा शब्द कोणता? आणि ‘इंद्रियदमन’ वापरू का?”

ताई, ‘इच्छाशक्ती’ हा शब्द चुकीचा नाही. पण तुम्हाला जे सांगायचे आहे त्याच्या जवळ जाणारा शब्दप्रयोग मराठीत आधीपासून आहे आणि तो रोज आपल्या तोंडी असतो: मनावर घेणे. त्या बाईंची हरकतही वरवरची नाही. आधी तिचाच विचार करू.

‘इच्छाशक्ती’ हा जुना शब्द आहे. शैव तत्त्वज्ञानात इच्छाशक्ती, ज्ञानशक्ती आणि क्रियाशक्ती अशी त्रयी येते आणि तिथे त्या शक्ती शिवाच्या आहेत. म्हणजे मुळात हा शब्द माणसाच्या निग्रहाबद्दल बोलतच नव्हता. शैव संत सिद्धरामेश्वरांच्या गावात, सोलापुरात, हे वेगळे सांगायला नको. पुढे आधुनिक मानसशास्त्र मराठीत येऊ लागले तेव्हा तोच शब्द माणसाच्या मनोबळासाठी वापरात आला. आता ‘तंबाखू सोडायला इच्छाशक्ती लागते’ आणि ‘सरकारकडे राजकीय इच्छाशक्ती नाही’ ही वाक्ये आपण सहज बोलतो. या वापरात इच्छाशक्ती म्हणजे अंगात कमी-जास्त असणारे एक बळ. ज्याच्याकडे आहे तो जिंकतो, ज्याच्याकडे नाही तो हरतो. त्या बाईंना खटकले ते हेच असावे, आणि मला ते खटकणे योग्य वाटते. प्रभूच्या प्रार्थनेत आपण ‘जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ म्हणतो. वधस्तंभावर जाण्याआधी गेथशेमाने बागेत केलेली येशूची प्रार्थनाही आपल्या इच्छेकडून पित्याच्या इच्छेकडे वळते. ज्यांच्या कानात ‘इच्छा’ हा शब्द असा रुजला आहे त्यांना ‘माझी इच्छाशक्ती’ म्हणजे मान ताठ करणे वाटले तर नवल नाही.

पण त्या बाईंचा युक्तिवाद शेवटपर्यंत नेला तर माणसाच्या वाट्याला काहीच उरत नाही, आणि शास्त्र, म्हणजे बायबल, तसे म्हणत नाही. फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात प्रेषित पौल आधी सांगतो की भीत व कापत आपले तारण साधून घ्या, आणि लगेच पुढच्या वचनात म्हणतो की तुमच्या ठायी इच्छा करणे आणि कृती करणे हे साधून देणारा देव आहे. इच्छा करतो माणूसच, पण ती इच्छा त्याच्या ठायी साधून देणारा देव. पाचव्या शतकात ऑगस्टीन आणि पेलाजियस या ख्रिस्ती विचारवंतांचा वाद झाला तो याच जागेवर. माणूस स्वतःच्या बळावर चांगले इच्छू शकतो, हा पेलाजियसचा आग्रह होता. ऑगस्टीनला (354–430) स्वतःच्या अनुभवावरून ते पटणे शक्य नव्हते. ‘मन शरीराला हुकूम करते आणि शरीर लगेच ऐकते, पण मन मनालाच हुकूम करते तेव्हा मात्र ऐकत नाही,’ अशा आशयाचे त्याने आपल्या आत्मकथनात लिहिले आहे. त्याचे निदान असे की इच्छा दुबळी नसते, दुभंगलेली असते. अर्धी इकडे ओढते, अर्धी तिकडे. रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात पौल हेच रडगाणे गातो: जे चांगले करावेसे वाटते ते मी करत नाही, आणि जे वाईट करावेसे वाटत नाही ते करतो.

निदान हे असेल तर ‘बळकट करणे’ हे क्रियापदही अपुरे ठरते. दुभंगलेली इच्छा एकवटावी लागते, आणि ती एकवटते कुठे? विचारात. मध्ययुगातला ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस इच्छेला बुद्धीची भूक म्हणतो. बुद्धी जे चांगले म्हणून समोर ठेवते त्याकडे इच्छा ओढ घेते. म्हणून रोमकरांस 12:2 मध्ये ‘मनाच्या नवीकरणाने’ रूपांतर होऊ द्या असे म्हटले आहे. तिथला मूळ ग्रीक शब्द ‘नूस’ आहे, म्हणजे जाणणारे, समजून घेणारे मन. ‘पश्चात्ताप’ ज्या शब्दासाठी आपण वापरतो त्या ‘मेटानोइया’ या शब्दातही हाच ‘नूस’ बसलेला आहे. तिथे मन पालटणे हा अर्थ आहे. मराठी ‘पश्चात्तापा’त मागाहून होणारा ताप, म्हणजे जळणे, तेवढे उरले आणि विचार पालटण्याची बाजू झाकली गेली. उपवासकाळाच्या पत्रकात ही एक ओळ घालाल तर फार बरे. कितीतरी चांगली माणसे वर्षानुवर्षे नुसती जळत राहतात आणि त्यालाच पश्चात्ताप समजतात.

आता ‘मनावर घेणे’. मराठीत मनाची क्रियापदे नीट ओळीने लावून पाहा. विचार ‘मनात येतो’. मग आपण तो ‘मनात घोळवतो’. मग कधीतरी ‘मन होकार देते’. तरीही सावरले नाही तर ‘मनाने घेतले’ म्हणतो, म्हणजे आता समजावून उपयोग नाही, मन त्या गोष्टीच्या हाती गेले. सिनाय पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या मठाचा मठाधिपती जॉन क्लायमॅकस याने सातव्या शतकात आध्यात्मिक जीवनाची तीस पायऱ्यांची शिडी लिहिली. तिच्या पंधराव्या पायरीवर तो मोहाचा प्रवास असाच लावतो: विचाराची चाहूल, त्याच्याशी बोलणे, संमती, बंदिवास, झगडा, आणि शेवटी मुरलेली वासना. चाहुलीला दोष नाही, हे तो स्पष्ट सांगतो. दोषाची जागा पुढे, संमतीपाशी येते. आपल्या भाषेत तेच कर्त्याच्या बदलातून दिसते. ‘मनात आले’ यात आपण कुणीच नाही, विचारच कर्ता. ‘मनात घोळवले’ यात आपण कर्ते झालो. ‘मनाने घेतले’ यात पुन्हा आपण बाजूला पडलो. माझ्या मते ख्रिस्ती साधनेतली लढाई त्या मधल्या क्रियापदावर आहे. तिथेच माणूस जागा असायला हवा.

आणि ‘मनावर घेणे’ हे त्या सगळ्याचे दुसरे, चांगल्या बाजूचे टोक. ‘पोराने मनावर घेतले म्हणून पास झाला’ असे म्हणतो तेव्हा त्यात समजणेही आहे, ठरवणेही आहे आणि कामाला लागणेही आहे. दानिएलाच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात राजाच्या अन्नाने व द्राक्षारसाने विटाळायचे नाही असा दानिएल मनात निश्चय करतो. तिथले मूळ हिब्रू शब्द पाहिले की थबकायला होते: ‘सीम’ म्हणजे ठेवणे, ‘अल’ म्हणजे वर, ‘लेव’ म्हणजे हृदय. त्याने ते आपल्या हृदयावर ठेवले. हिब्रूत ‘लेव’ ही विचाराचीही जागा आहे, म्हणून शब्दशः ते ‘मनावर घेतले’च होते. हाग्गय संदेष्टा लोकांना आपल्या मार्गांचा विचार करा असे बजावतो (1:5), तिथेही हेच क्रियापद आणि हेच हृदय आहे, फक्त उलट्या क्रमाने: आपले हृदय आपल्या मार्गांवर ठेवा. नीट विचार करणे आणि निश्चय करणे या दोन्ही गोष्टी हिब्रू एकाच साहित्याने बांधते. तुमच्या वाक्याचा गाभा नेमका हाच आहे.

एक सावधगिरी मात्र हवी. ‘मनाला लावून घेणे’ वेगळे. त्यात दुखावणे आहे. बोलताना ‘त्याचं बोलणं मनावर घेऊ नको’ असेही म्हणतात आणि तिथे अर्थ त्या बाजूला झुकतो. म्हणून पत्रकात नुसते ‘मनावर घ्या’ न लिहिता काय मनावर घ्यायचे ते सोबत लिहा.

‘जाणीवपूर्वक विचार’ या भागाबद्दल माझी नाराजी अधिक आहे. हा शब्दप्रयोग अहवालात शोभतो, प्रार्थनासभेत कोरडा वाटतो. मंडळीच्या भाषेत याला दोन सुंदर शब्द आहेत. पहिला ‘मनन’. फिलिप्पैकरांस 4:8 मध्ये जे सत्य, आदरणीय, न्याय्य, शुद्ध त्याची यादी देऊन पौल म्हणतो, ‘त्यांचे मनन करा’. तिथला ग्रीक शब्द ‘लोगिझेस्थे’ मुळात हिशेबाच्या वहीतला आहे: गणा, जमेस धरा. हाच धातू रोमकरांस 6:11 मध्ये येतो, जिथे स्वतःस पापाला मेलेले असे माना असे सांगितले आहे. मनात सबंध दिवसभर काय जमेला पडते आणि काय खर्ची, हे पाहण्याचे काम त्या एका क्रियापदात आहे. स्तोत्रसंहितेच्या पहिल्या स्तोत्रातले रात्रंदिवसाचे मनन आणखी वेगळे. तिथला हिब्रू ‘हागा’ म्हणजे हलक्या आवाजात पुटपुटणे. सिंहाच्या गुरगुरण्याला आणि पारव्याच्या घुमण्यालाही यशया संदेष्टा हेच क्रियापद वापरतो. म्हणजे वचन तोंडात घोळवत राहायचे. यहोशवाच्या पुस्तकातही नियमशास्त्र ‘मुखी’ असू दे असे आधी येते, मनन मागून. आपल्याकडच्या जुन्या माणसांना भाकरी थापताना वचन पुटपुटण्याची सवय असते, ती मूळ अर्थाला धरूनच आहे.

दुसरा शब्द ‘जागे राहणे’. पेत्राच्या पहिल्या पत्रात ‘सावध असा, जागे राहा’ हे आहे (5:8), आणि त्याच पत्राच्या पहिल्या अध्यायात मनाची कंबर बांधण्याचे. कंबर कसणे हा आपल्याकडे निर्धाराचाच वाक्प्रचार, आणि पेत्र तो मनाला, विचार करणाऱ्या मनाला लावतो.

हे जागेपण प्रत्यक्षात कसे करायचे, हे इजिप्तच्या वाळवंटात राहिलेल्या इव्हाग्रियस या ख्रिस्ती संन्याशाने (345–399) चौथ्या शतकात फार बारकाईने लिहून ठेवले. खादाडपणा, कामवासना, लोभ, खिन्नता, राग, साधनेचा कंटाळा, पोकळ कीर्तीची हाव आणि गर्व असे आठ विचार तो धरतो. प्रत्येक विचारासाठी त्याने शास्त्रातली वचने निवडून ठेवली, विचार आला की त्याला तोंडावर उत्तर द्यायला. पद्धत त्याची नव्हे, येशूची. चाळीस दिवसांच्या उपासानंतर अरण्यात प्रत्येक मोहाला ‘असा शास्त्रलेख आहे’ हेच उत्तर मिळते, आणि पहिले उत्तर मनुष्य केवळ भाकरीने जगत नाही हे. उपवासकाळात यापेक्षा योग्य उदाहरण शोधूनही मिळणार नाही.

‘इंद्रियदमन’ वापरू का असेही तुम्ही शेवटी सहज विचारले आहे. गलतीकरांस पत्रात आत्म्याच्या फळांत शेवटचे फळ म्हणून तो शब्द आहेच, पण त्यात ‘दमन’ पुढे येते आणि विचाराची बाजू दिसत नाही. 2 तीमथ्य 1:7 मधला ‘संयमनाचा आत्मा’ तुमच्या कामाला जास्त उपयोगी. तिथल्या ग्रीक शब्दात शाबूत, ठिकाणावर असलेली बुद्धी हा अर्थ आहे, आणि तो आत्मा देवाने दिलेला आहे हे त्याच वचनात म्हटले असल्याने त्या बाईंचेही समाधान होईल.

राहिला तेलुगू आणि कानडी घरांचा प्रश्न, आणि इथे सोलापूरकरांना एक देणगी आयतीच मिळाली आहे. प्रभूच्या प्रार्थनेत आपण ‘तुझ्या इच्छेप्रमाणे’ म्हणतो तिथे तेलुगू माणूस ‘नी चित्तमु’ म्हणतो आणि कानडी माणूस ‘निन्न चित्तवु’. त्यांच्याकडे चित्त म्हणजे इच्छा, मर्जी. तेलुगूत मोठ्यांच्या आज्ञेला ‘चित्तं’ म्हणून होकार देतात, म्हणजे ‘आपली मर्जी’. मराठीत तोच शब्द लक्षाच्या बाजूला राहिला: चित्त थाऱ्यावर नाही, एकचित्ताने ऐकले. त्यामुळे ‘एकचित्त’ हा शब्द तुमच्या सभेत दोन्हीकडे लागतो. मराठी बाईला त्यात एकवटलेले लक्ष ऐकू येईल, तेलुगू बाईला एकवटलेली इच्छा. ऑगस्टीनच्या दुभंगलेल्या इच्छेवर यापेक्षा नेमका शब्द मला सुचत नाही.

मग तुमचे वाक्य मी असे लिहीन: “मनात येणारा प्रत्येक विचार जागेपणाने पारखा. जो घोळवण्याजोगा नाही त्याला वचनाने उत्तर द्या. जे सत्य आणि शुद्ध आहे त्याचे मनन करा, आणि देवाने जे दाखवले ते त्याच्या कृपेने, एकचित्ताने मनावर घ्या.” लांबले आहे खरे. जागा कमी पडली तर मधले वाक्य गाळा, पण ‘कृपेने’ आणि ‘मनावर घ्या’ यांची ताटातूट करू नका. छापण्याआधी हरकत घेणाऱ्या त्या बाईंना एकदा वाचून दाखवा, आणि तेलुगू बोलणाऱ्या एखाद्या भगिनीलाही. ‘चित्त’ तिच्या कानाला कसे लागते ते मला जरूर कळवा.