ओल्सालाझीन सुरू केल्यावर पाण्यासारखे जुलाब: आजार वाढला की औषधाचा परिणाम?

ओल्सालाझीन हे अल्सरेटिव्ह कोलायटिसचं, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज येऊन व्रण होणाऱ्या आजाराचं औषध. दोन्ही शक्य आहे. पण जुलाब नुसते पाण्यासारखे असतील, रक्त किंवा आव पडत नसेल, तर औषधाचा संशय आधी घ्यावा. ओल्सालाझीन म्हणजे ५-एएसए या आतड्याची सूज कमी करणाऱ्या औषधाचे जोडलेले दोन रेणू. ही जोडी मोठ्या आतड्यातले जिवाणू तोडतात. त्याआधी ती अख्खीच लहान आतड्यातून जाते आणि तिथे सोडियम, क्लोराइड व पाण्याचं शोषण कमी करते, हे १९८०च्या दशकातल्या संशोधनात दिसलं. सुजलेल्या मोठ्या आतड्याला एवढं पाणी परत शोषता येत नाही. म्हणूनच हे औषध जेवणाबरोबर, डोस विभागून देतात. स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना आजच कळवा. सोबत स्टेरॉइड असेल तर पोटॅशियम तपासून घ्याच. ते जुलाब आणि स्टेरॉइड दोन्हींमुळे घटू शकतं.