घर घेऊ म्हटलं की उठून जाते, आणि रात्रभर गेममधे घरं बांधत बसते

"मॅडम, मुलगी २८ वर्षांची आहे, नोकरी चांगली आहे, आणि रात्री दोन दोन वाजेपर्यंत कॉम्प्युटरवर घरं बांधत बसते, लहान मुलं भातुकली खेळतात तसं, हे व्यसन आहे का हो?"

मी पुण्यात समुपदेशन करते. २०२५ च्या पावसाळ्यात एक आई माझ्याकडे कर्वेनगरला आल्या होत्या, धायरीहून, भिजलेली छत्री दाराशी ठेवून बसल्या बसल्या त्यांनी हेच विचारलं. थोड्याफार फरकाने हा प्रश्न मला महिन्यातून दोनतीनदा तरी येतो, कोणाचा मुलगा असतो, कोणाचा नवरा. म्हणून ही केस लिहितेय. मुलीची परवानगी घेतलीय आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

आधी व्यसनाचं बोलूया, कारण पालकांची खरी भीती तिथेच असते. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंग डिसऑर्डर आजारांच्या यादीत घेतलाय, ती नवी यादी जानेवारी २०२२ पासून लागू झाली. पण त्यात नुसते तास मोजत नाहीत. खेळणं थांबवायचं म्हटलं तरी थांबवता येत नाही, बाकी सगळ्या गोष्टी मागे पडून गेमच पहिला होतो, आणि नुकसान होतंय हे दिसत असूनही खेळणं चालूच राहतं किंवा वाढतं, असं तिन्ही असेल आणि साधारण वर्षभर टिकलं असेल तर आम्ही त्या दिशेने विचार करतो. या मुलीचं तसं नव्हतं. सकाळी साडेआठला बाणेरच्या ऑफिसला निघायची, काम नीट होतं, मैत्रिणी होत्या, गणपतीत पथकाच्या सरावालाही जात होती. झोप मात्र कमी होत होती, ते मी आईंना मान्य केलं आणि नंतर तिच्याशीही स्पष्ट बोलले.

आई उठता उठता म्हणाल्या, "मला कळतच नाही हो. आम्ही हिच्या नावाने छोटा फ्लॅट बघतोय, हिला लोन सहज मिळेल, पण घराचा विषय काढला की ताटावरून उठून जाते. आणि मग तीच मुलगी रात्रभर त्या गेममधे घरं बांधते."

मी त्यांना परत बसायला सांगितलं. खरी केस इथे सुरू झाली.

पुढच्या आठवड्यात मुलगी आली, जरा वैतागलेलीच, आईसाठी आलेय म्हणाली. मी तिला म्हणलं पुढच्या वेळी लॅपटॉप घेऊन ये, मला तुझी घरं बघायचीत. तिला ते खरंच वाटेना. पण आणला.

गेम म्हणजे द सिम्स २. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. माणसं तयार करायची, त्यांना घर बांधून द्यायचं आणि मग त्यांचं रोजचं आयुष्य चालवायचं, जेवण, झोप, आंघोळ, नोकरी, भांडणं, मुलं, म्हातारपण, मरणसुद्धा. पहिला भाग २००० साली आला, दुसरा २००४ साली, तेव्हा चार सीडी यायच्या त्याच्या. जुन्या सीडी आता नव्या विंडोजवर चालत नाहीत, पण जानेवारी २०२५ मधे गेमला २५ वर्षं झाली म्हणून कंपनीने पहिले दोन्ही भाग आजच्या कॉम्प्युटरवर चालतील असे परत विकायला काढले. हिने त्याच आठवड्यात घेतला. लहानपणच्या चार सीडी अजून कपाटात जपून ठेवल्यात, ते तिने नंतर सांगितलं.

तर तिने मला एक अख्खी वस्ती दाखवली. चौदा घरं, एकेक इतकं मन लावून केलेलं की मी बघतच राहिले, जिन्याखालच्या जागेत पुस्तकांचं कपाट, मागच्या दारी झाडं, आणि प्रत्येक भिंतीवर चित्रं, इतकी की भिंतीचा रंग दिसत नव्हता. मी चित्रांचं विचारलं तर पटकन बोलून गेली, "भाड्याच्या घरात खिळा ठोकू देत नाहीत ना."

मग कळलं. अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट, मग मालकाचा मुलगा यायचा असतो, मग परत एजंट, डिपॉझिट, खोके, टेम्पो. हिंगणे, आनंदनगर, वडगाव, परत आनंदनगर, आता धायरी. नऊ घरं. तिच्या शाळेच्या चित्रकलेच्या बक्षिसांच्या फ्रेम आजही एका खोक्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या आहेत, कधी भिंतीवर लागल्याच नाहीत.

इथे थांबले असते तर केस सोपी होती, घर नाही म्हणून गेममधे घर, समजलं, झालं. पण मग आईंचं कोडं सुटत नव्हतं. घराची इतकी ओढ आहे तर खरं घर समोर आलं की ती पळते का? म्हणून मी एक साधा प्रश्न विचारला. "या घरांत राहतं कोण?"

"कोणी नाही."

चौदाच्या चौदा रिकामी. या गेमची गंमत अशी की प्लॉटवर कुटुंब नसेल तर पैशाची मर्यादा नसते, काय हवं ते बांधा, आणि घड्याळसुद्धा चालत नाही. माणसं राहायला आणली की घड्याळ सुरू होतं, पैसे मोजके असतात, भूक लागते, कचरा होतो, आणि पोस्टमन बिलं आणतो. ती माणसं आणतच नव्हती. मी का म्हणून विचारलं तर म्हणाली नुसतं बांधायलाच आवडतं. पण बोलताना ती टचपॅडवरचं बोट उचलून मांडीवर घेऊन बसली होती, आणि मी काही बोलले नाही.

दोन सेशननंतर ते आपसूक बाहेर आलं. तिच्या वडिलांचा सिंहगड रोडला सायबर कॅफे होता, सहा कॉम्प्युटरचा. शाळेतून आली की कोपऱ्यातल्या मशीनवर ती हाच गेम खेळायची, तेव्हा मात्र माणसं घेऊन. मग घरोघरी इंटरनेट आलं, गिऱ्हाईक कमी झालं, मशीनसाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते थकले. ती सहावीत असताना एका दुपारी वसुलीची माणसं आली, कॅफेतले कॉम्प्युटर नेले आणि घरातला टीव्हीसुद्धा नेला. आता गेममधे बिल थकवलं की काय होतं? बिलाचं पाकीट लाल होतं, आणि तरीही भरलं नाही तर एक माणूस येतो, हातात नळीसारखं मशीन, आणि घरातल्या वस्तू एकेक करून ओढून घेऊन जातो. तिने तेही बघितलं होतं, त्याच दिवसांत. आधी कुठला आला, गेममधला की खरा, ते तिला आज आठवत नाही, डोक्यात दोघं एकच होऊन बसलेत. लोन हा शब्द ऐकला की तिला तो नळीवाला माणूस दिसायचा. आणि घरचे समजत होते की मुलीला जबाबदारी नको आहे!

मला खेळाबद्दल मनापासून वाटतं ते हेच, माणूस खेळात काय करतो ते सगळ्यांना दिसतं, पण तो खेळात काय करायचं टाळतो तेही बघायला हवं, दुखणं बहुतेक वेळा तिथे असतं. आईंनी लॅपटॉप काढून घेतला असता तर ती जागा मला कधी दिसलीच नसती.

तिला मी या गेमच्या जन्माची गोष्ट सांगितली. विल राइट म्हणून ज्यांनी हा गेम केला, त्यांचं स्वतःचं घर १९९१ साली कॅलिफोर्नियात ओकलंडच्या आगीत जळालं होतं. सगळं पहिल्यापासून परत घेताना, कुठली वस्तू आपल्याला खरंच लागते, असा विचार करता करता त्यांना ही कल्पना सुचली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे हा घर गेलेल्या माणसाचाच गेम आहे."

मग आम्ही ठरवलं की घर बांधायचं, पण वीस हजारात. नव्या कुटुंबाला गेम तेवढेच पैसे देतो, सिमोलियन म्हणतात त्याला. एक शब्द टाइप केला की फुकट पन्नास हजार मिळतात, तो शब्द वापरायचा नाही. एक खोली, मोरी, ओटा, आणि त्यात एक बाई राहायला आणायची आणि घड्याळ चालू करायचं. पहिल्या रात्री तिने दहा मिनिटांत बंद केलं. दुसऱ्या आठवड्यात चार दिवस चालवलं, बिल आल्या आल्या भरत होती, धावत जाऊन. शेवटी माझ्यासमोर बसून तिने मुद्दाम एक बिल थकू दिलं. तो माणूस आला तेव्हा तिने माझा हात धरला, घट्ट. त्याने स्टिरिओ नेला, एक खुर्ची नेली आणि निघून गेला. त्याला थकलेल्या रकमेपुरत्याच वस्तू न्यायच्या असतात. ती बाई झोपली, सकाळी उठून कामाला गेली. मुलगी स्क्रीनकडे बघत म्हणाली, "घर राहिलं की."

त्यानंतर मी आईवडिलांना एकत्र बोलावलं. मुलीने पहिल्यांदाच विचारलं, बाबा, ते कर्ज किती राहिलंय? वडील तिच्याकडे बघतच राहिले. "अगं, ते २०१६ लाच फिटलं." फिटल्यावरही नऊ वर्षं ती ते कर्ज डोक्यात घेऊन फिरत होती, आणि वडिलांना वाटत होतं लेकीसमोर तो विषय नको, तिला त्रास होईल. आई रडल्या. वडिलांनी खिशातून रुमाल काढला आणि हातातच धरून बसले.

तेव्हा तुमच्या घरात कोणी असं खेळत असेल तर आधी शेजारी खुर्ची ओढून बसा, मला दाखव ना म्हणा, आणि दहा मिनिटं एकही सल्ला देऊ नका. झोप, जेवण, काम, माणसं यातलं काही खरंच तुटत चाललं असेल, थांबवायचा प्रयत्न फसत असेल, तर जरूर मदत घ्या, त्यात लाज नाही. या मुलीशी आम्ही रात्री साडेअकराची वेळ ठरवली, बहुतेक दिवस ती पाळते.

फ्लॅट अजून घेतलेला नाही. दोन बघून आलेत, हप्त्याचं गणित ती स्वतः कागदावर मांडते, सहा महिन्यांचे हप्ते बाजूला साठल्याशिवाय सही करणार नाही म्हणते, आणि मला ते बरोबर वाटतं.

मधे आईंचा फोन आला होता. रविवारी दुपारी त्या तिच्या शेजारी जाऊन बसल्या होत्या, पहिल्यांदाच. नऊ घरांतली नऊ स्वयंपाकघरं सांभाळलेली बाई ती, दोन मिनिटांत म्हणाल्या, "अगं, सिंक गॅसपासून इतकं लांब कशाला? ओल्या हाताने किती चालायचं त्या बाईने?" आणि लेकीने सिंक उचलून ओट्याच्या या बाजूला आणलं, आणि विचारलं, "आणि खिडकी कुठे हवी तुला?"